बोळाची मापं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बोळ मोजायचं. एका टोकाला माझी बायको, दुसऱ्याला मी, मधे खाटेची जुनी नवार. तिने नवारीवर दर फुटाला लाल दोरा टाचला होता. टेपवर तिचा विश्वास नव्हता, म्हणजे माझ्या हातातल्या टेपवर.

ग्वाल्हेरला लष्कर भागातला वडिलांचा प्लॉट आम्हा तीन भावांत वाटला गेला. पुढे रस्त्यावर दादाचं दुकान, मधे आम्ही, मागे धाकट्याची विधवा. तिला तिच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधायच्या होत्या, पण नकाशा पास होईना. जुना थकलेला घरकर सबंध प्लॉटवर चढलेला. कचेरीतला बाबू म्हणाला, "चाचा, बोझा पूरे प्लॉट पे है. आपस में बाँट लो, तीनों के दस्तखत ले आओ, अलग-अलग कर देंगे."

दादा म्हणाला, तीन भाऊ, तीन सारखे हिस्से. मलाही पटलं. चौथी शिकलेला माणूस मी, तिनाने भागणं तेवढं येतं. ही म्हणाली, "मागचा तुकडा सगळ्यात लहान, आणि बोजा सारखा? आधी जमीन मोजा."

मोजली. आणि बोळ मी सरळ भावजयीच्या नावावर लावला, कारण तो तिच्याच दारात संपतो.

"बोळ तिचा एकटीचा कसा हो? आपला सिलिंडर काय आभाळातून येतो? दादांचा माल कुठून उतरतो?"

"अगं, अशाने आपला बोजा वाढतो."

"वाढू दे. चालतो ना आपण त्यावरून?"

न्यायाच्या गोष्टी करणारे पुष्कळ पाहिले. स्वतःचा कर स्वतःच्या हाताने वाढवून घेणारी ही एकच. तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही मी हे.

अर्धा बोळ झाला तेव्हा म्हणाली, गुडघे दुखतात, उरलेला उद्या सकाळी. दुपारी जेवली, आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठलीच नाही. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

सकाळी नवार बोळातच पडलेली होती. तिच्या बाजूचं टोक भावजयीच्या हातात दिलं. भावजय रडत होती, नवार सैल पडत होती.

"ओढून धर," मी म्हणालो. "सैल नवार तिला चालायची नाही."

उरलेला बोळ मोजला, त्याचे तीन भाग केले, हिच्या अक्षराखाली आकडे लिहिले. आमच्या वाढलेल्या हिश्शासमोर माझी सही ठोकली, भावजयीची घेतली आणि कागद दादाच्या दुकानात नेला.

"अरे, सुतक आहे," दादा म्हणाला. "दहा दिवस थांब की."

"ती उद्या सकाळी म्हणाली होती."

दादाने चष्मा लावला. सगळा कागद वाचला, बोळापाशी थांबला, माझ्याकडे बघितलं. मी पेन पुढे ठेवलं आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. त्याची सही होईपर्यंत उठलो नाही.