पडवी तेवढी ठेव

आखातात, दुबईच्या पुढं रास अल खैमाजवळ समुद्रकाठी एक जुनी वस्ती आहे. माणसं केव्हाच एसीच्या घरांत राहायला गेली, घरं मागे राहिली. ती डागडुजी करून जपायचं ठरलं आणि गवंडी म्हणून रत्नागिरीकडच्या हमदुल्लाची वर्णी लागली.

सुरुवातीला त्याला या कामाची लाजच वाटे. गवंड्यानं नवं बांधावं, पडक्या घरांचे लाड कसले करायचे? फोनवर तो बायकोला, अजराला, एकच सांगे, "आपलं जांभ्याचं घर पाड. स्लॅब टाकू. इथल्या टाइल्स पाठवतो." आणि पठ्ठ्यानं खरंच पाठवल्या. अजरानं अंगणात खोकी रचली आणि वर्षानुवर्षं त्यांवर आमसुलं वाळवली.

पण चुना मळता मळता गडी बिघडला. खजुराच्या वाशांवरून उगाच हात फिरवू लागला. भिंतीला ओल दिसली की याचा जीव खालीवर. एखादा पर्यटक भिंतीला टेकला तर हा ओरडे, "हबीबी, टेकू नको! म्हातारी आहे ती!"

अशात एका शुक्रवारी अजराचा फोन आला. "झालं तुमच्या मनासारखं. सामान भावाकडे हलवलं. उद्या मजूर येतायत घर पाडायला."

हमदुल्ला घाईघाईनं म्हणाला, "थांब, थांब! पाडू नको. अशी घरं आता कुठं मिळतात? इथं लोक लांबून बघायला येतात."

"बघून जातात ना? राहतं कोण तिथं?"

हमदुल्ला तिथल्या भिंतींचं कौतुक सांगू लागला, तर अजरानं त्याला मधेच तोडलं.

"इथं मी राहते. कौलं गळली की खाली टोप मी ठेवते. निम्म्या वाडीला कुलपं, पुरुष सगळे तिकडं. आता आपल्या घराचंही म्युझियम करा आणि मला बसवा दारात, तिकिटं फाडायला!"

बोलणं झोंबलं. तिचं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. त्यानं आवाज खाली आणला. "बरं, पाड. पण पुढची पडवी तेवढी ठेव. तिथं बसून चहा पिऊ दोघं. इन्शाल्ला."

"ठेवते," अजरा म्हणाली. मग हळूच विचारलं, "पण तुम्हीही बघूनच जाणार ना?"



सोमवारी कामावर गेल्या गेल्या त्यानं मुकादमाकडे मोठी सुट्टी मागितली. मुकादमानं कारण विचारलं.

"गावाला एक जुनी पडवी आहे," हमदुल्ला म्हणाला. "तिला राहतं माणूस हवंय."