पाचव्या ‘का’चं उत्तर

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर सात जण लिहायला बसले होते. एलजीबीटीक्यू व्यक्तींसाठीच्या लेखन कार्यशाळेची ती चौथी बैठक होती. बैठक गुरुवारी, कारण इथल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. शिकवत मी होतो. एका दैनिकाच्या शहर डेस्कवरून निवृत्त झालो होतो. मी स्वतःही याच समूहातला आहे. ते डेस्कवर मी कधी सांगितलं नाही.

विषय दिला होता : घर. मर्यादा एक पान. कोरा कागद समोर आला की बऱ्याच जणांचा हात थांबतो, म्हणून नेहमी जे लिहिता त्याच पद्धतीनं लिहा, असं मी सांगितलं होतं. पिंपरीत पार्लर चालवणाऱ्या एका ट्रान्स महिलेनं अपॉइंटमेंटच्या वहीसारखं लिहिलं. वेळ, व्यक्ती, काम.

एक जण एकतीस वर्षांचा. चाकणजवळच्या एका गावातल्या शेतकरी कुटुंबातला. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस होता आणि कासारवाडीत खोली घेऊन राहायचा. त्यानं पट्टी घेऊन तक्ता आखला. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. मी तो मोठ्यानं वाचला.

दोष : दोन वर्षं घरी गेलो नाही.
का? गेलो की लग्नाचा विषय निघेल.
का? ठरलेला साखरपुडा मी मोडला.
का? मुलीला फसवायचं नव्हतं.
का? मला पुरुष आवडतात.
का? मीच तसा.
मूळ कारण : मी.

“अगं बाई, हे लोकलचं टाइमटेबल आहे का?” पार्लरवाल्या बाईंनी विचारलं. सगळे हसले, तोही हसला.

मग त्यानं समजावलं. कारखान्यात माल खराब निघाला की हा तक्ता भरतात. त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. दोष लिहायचा, त्याखाली पाच वेळा ‘का’ विचारायचं, शेवटी मूळ कारण हाती लागतं.

मला तो कागद आवडला होता. एकही विशेषण नव्हतं. मी समासात ‘नेमकं’ असं लिहिलं आणि पुढचा कागद घेतला.

“थांबा, सर,” मागच्या खुर्चीवरून आवाज आला. ती बोलणारी भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीचं काम पाहायची. वडील कामगार होते, पिंपरीच्या बुद्धविहाराजवळ त्यांचं घर. स्वतः ती जोडीदारणीबरोबर चिंचवडला राहायची. तिनं उठून कागद घेतला. “काय राव, हे तू सबमिट करणार? मूळ कारण ऑपरेटर? कुठला कस्टमर घेतो हे?”

त्यानं पट्टी उचलून बाजूला ठेवली.

“सांग ना सरांना. घेतात का?”

“नाही घेत,” तो म्हणाला. “माणसाची चूक असं लिहिलं की परत पाठवतात.”

“आणि हे चौथं उत्तर. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे, ठरलेल्या मापातच असेल तर तू त्याला दोष लिहितोस का?”

“नाही, ताई.”

“मग त्याच्यापुढे ‘का’ कशाला विचारलास? तिथं थांबायचं.” तिनं पेन्सिलीनं खालच्या दोन ओळी खोडल्या. “आता पहिलं उत्तर. लग्नाचा विषय निघेल. कोण काढेल?”

“आई.”

“आई तसं म्हणाली?”

“दादा म्हणाला. आईला तोंड दाखवू नको म्हणाला.”

“म्हणजे तू जागेवर जाऊन बघितलंच नाहीस. दोन वर्षं टेबलावर बसून फॉर्म भरतोयस, भावा.”

आमच्या धंद्यात याला ऐकीव बातमी म्हणतात. एका माणसाच्या सांगण्यावर छापायची नाही, हे मी नव्या वार्ताहरांना अनेक वर्षं सांगत आलो होतो. तो कागद मात्र मी तसाच पास केला होता. समासातलं ‘नेमकं’ मी खोडलं.

त्या दिवशी त्यानं दुसरा तक्ता आखला. दोषाची ओळ तीच ठेवली. पहिल्या ‘का’पुढची जागा रिकामी सोडून तो खोलीवर गेला.

पुढच्या गुरुवारी तो वेळेआधी आला. तक्ता आणला नव्हता. दोन पानं सलग लिहून आणली होती आणि ती त्यानं स्वतः वाचली. रविवारी सकाळी, शिफ्टला निघण्याआधी, त्यानं आईला फोन केला होता. बोलणं त्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं.

“गुरवारी सुट्टी असती न्हवं तुला?”

“असते.”

“मग येत का न्हाईस?”

“दादा नको म्हणाला होता.”

“दादाचं दादापाशी. मी म्हनले व्हय?”

“आई, लग्न मी करणार नाही.”

“इचारलं का मी? बटाटं काढायचं हाय, मानूस मिळंना. येनार का न्हाई, तेवढं सांग.”

पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, “तुझ्या आईला पार्लर काढून दे. अशी बाई काउंटरला पाहिजे.” ‘इचारलं का मी’ ही ओळ त्यानं पुन्हा एकदा वाचली. पानं घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. क्वालिटीवाल्या ताईंनी हात पुढे केला होता, पण त्यानं ती तपासायला दिली नाहीत. ताई म्हणाल्या, “बरोबर आहे. ठेव.”

त्यानंतरच्या गुरुवारी सहा जण आले. विषय होता प्रवास. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, चहाचे कप उचलत असताना, ग्रुपवर त्याचा मेसेज आला. ताईंनी तो वाचून दाखवला.

“बारा पोती भरली. दादा बोलला नाही. पोतं उचलताना दुसरी बाजू त्यानं धरली. आता जेवायला बसतोय.”