विहिरीच्या पाण्याचा लौकिक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या हिलासुद्धा नाही — आणि नकळत का होईना, तिचाही यात हात होता!

सत्तरच्या दशकात मी विंचूरजवळच्या एका दोनशिक्षकी शाळेत होतो. नाशिकहून एक डॉक्टरीणबाई दरवर्षी यायच्या. इवल्याशा आरशानं त्याच त्या मुलांचे दात तपासायच्या — वर्षभरात किती नवे दात किडले, हे त्यांना मोजायचं होतं. पहिल्याच तपासणीनंतर हसत म्हणाल्या, "गुरुजी, किडीत तुमच्या शाळेचा पहिला नंबर हो!"

हसण्यावारी न्यायचं की नाही? मला झोंबलं.

पुढच्या वर्षी बाई येण्याच्या आदल्या दिवशी मीच सगळ्यांना आ करायला लावलं. काळ्या दाढांची पोरं बाजूला काढली आणि सकाळीच हिच्याबरोबर नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला धाडली. बाईंना सांगितलं — मामाच्या गावाला गेलीत. त्यापुढची दोन वर्षंही तेच.

बाई चक्रावल्या. कीड थांबली कशी? ही मुलं खातात तरी काय? आणि मी — कसं सुचलं कोण जाणे — बोलून गेलो, "आमच्या विहिरीचं पाणी!"

त्यांनी बाटल्या भरून नेल्या. सरपंचांनी विहिरीला चुना फासला. शेजारच्या गावचे लोक हंडे घेऊन यायला लागले. एक आजोबा तर कवळी धुऊन गेले! पाण्यात काही निघालं नाही म्हणे. पण गाव खूश, मीही खूश.

एवढंच असतं तर गंमत म्हणून केव्हाच सांगितलं असतं ना? पण — ज्यांची कीड वाढलेली दिसे, त्या मुलांना बाई नाशिकला नेऊन दाढा भरून देत. फुकट. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

कमल नावाची मुलगी तिन्ही वर्षं पक्षी बघून आली.

ऐंशीनंतर केव्हातरी ती नाशिकच्या स्टँडवर भेटली. वाकून पाया पडली. नवऱ्याला म्हणाली, "गुरुजींचा माझ्यावर लय जीव. डाक्टरीण आली की बाकीची पोरं आ करून उभी, अन् मला पक्षी बघाया धाडायचे!" आणि खळखळून हसली. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा नव्हत्या.

"गुणाचीच होतीस तू," मी म्हणालो, आणि गाडीत चढलो.