पुढचं जुनं, मागचं नवं

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, भावापुढे नाही. शेगावला समाधीपुढे डोळे मिटून उभा राहतो तेव्हासुद्धा बाकीचं सगळं सांगतो आणि एवढंच गाळतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

पण आधी माझा संताप ऐका. "बाईच्या हातात गाडी देल्ली का असंच होते" — हे वाक्य आमच्या बुलढाण्यात चहाच्या टपरीवर, बाजारात, माझ्याच गॅरेजमध्ये रोज कानावर येतं. पुरुषाने गाडी ठोकली की रस्ता खराब, ब्रेक खराब, समोरचा आंधळा. बाईने ठोकली की — बाई. झाला पंचनामा! माझा जन्म गाड्यांखाली पाठ घासण्यात गेला. पिऊन चालवणारे, मोबाईल कानाला लावून चालवणारे, क्लच जाळून आणणारे आणि वर मलाच अक्कल शिकवणारे — सगळे मिशीवाले. त्यांना कुणी कधी म्हटलं का, की बाबा, चावी ठेव खाली?

आणि तरी या वाक्यावर चिडायचा हक्क अख्ख्या जिल्ह्यात एका माणसाला नाही. तो मी.

देऊळघाटच्या अलीकडे सुनंदावहिनींचं शेत आहे. टमाटे, वांगी, मेथी. नवरा बुलढाण्यात बी-बियाण्याच्या दुकानात बसतो, त्यामुळे शेत वहिनीच बघते. तिच्या सासऱ्यांनी हौसेने एक जुनी जिप्सी घेतली होती — पहिल्या काळातली, लहान इंजिनाची. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. मुलाला नाही, सुनेला. मुलाला गाडीची भीती वाटायची, असं ते माझ्याकडे बसून हसत सांगायचे. ते गेले आणि गाडी वहिनीकडे राहिली. मागे टमाट्याचे कॅरेट, शेजारी सासू, आणि ही बाई उजाडायच्या आत भाजीबाजारात हजर. गाडीचा आवाज जरा बदलला की तिला कळायचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांना टायर बसल्याचंही कळत नाही.

एका उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या गाडीचं मागचं डिफरन्शियल गेलं. मागच्या चाकांच्या मधोमध जो गोळा दिसतो ना, तो. त्यात एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारं एक छोटं. दोन्हींचे दात उडाले होते. आता एवढ्या जुन्या गाडीचा माल मिळतो कुठे? तरी मी छातीठोकपणे म्हणालो, शनिवारी गाडी दारात. जुन्या जिप्सीचं काम करावं तर मीच, असं लोक म्हणायचे — आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त मीच म्हणायचो.

अकोल्याच्या भंगारात जिप्सीचा गोळा मिळाला, पण नंतरच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीचा. बाहेरून दोन्ही सारखेच. चाकांच्या दांड्यांशी आतले खाचे जुळेनात, तर मी जुन्यातले दांड्यांवर बसणारे, धड राहिलेले छोटे गिअर काढून नव्यात बसवले. चपखल बसले. स्वतःवरच खूष झालो.

दात मोजले नव्हते असं समजू नका. मोजले होते, बाकावर ठेवून, खडूने खूण करून. जुन्याचे सदतीस आणि नऊ. नव्याचे एक्केचाळीस आणि अकरा. म्हणजे काय? नुसत्या मागच्या चाकांवर गाडी चालेल तोवर कुणाच्या बापाला कळणार नाही. पण गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा दांडा टाकून चारही चाकं जोडली, की पुढची एका हिशेबाने फिरणार आणि मागची दुसऱ्या. एका जुवाला लांब पावलाचा बैल आणि आखूड पावलाचा बैल जुंपला, तर काय होईल? मऊ चिखलात एक वेळ निभावेल, चाक घसरतं आणि फरक पचतो. टणक जमिनीवर पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा मधला बॉक्स फुटणार. आज नाही तर उद्या.

हे मला माहीत होतं. मिस्त्रीच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही, हेही माहीत होतं. पुढचंही बदलायचं, नाहीतर मागचं लावायचंच नाही. निदान तोंडाने सांगायचं, की वहिनी, छोट्या दांड्याला हात लावू नका. पण तसं सांगितलं असतं तर "काऊन?" हा प्रश्न आला असता, आणि मला माल मिळाला नाही हे कबूल करावं लागलं असतं. शनिवारी गाडी दारात उभी केली. तिने चाकांना हळदकुंकू लावलं आणि मला चहा दिला.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर ती गॅरेजवर आली. म्हणाली, "भाऊ, छोटा दांडा टाकला का गाडी जखडल्यावानी होते. पुढचं वढते न मागचं धरून ठेवते. मागच्या कामात तं काही फरक नसन राह्यला?"

ऐकलंत? ना तिने दात पाहिले होते ना खडूची खूण. नुसत्या स्टिअरिंगवरच्या दोन हातांनी त्या बाईने नेमकं ओळखलं होतं. जिल्ह्यातल्या एकाही मिस्त्रीला हे ओळखता आलं नसतं. आणि मी काय केलं? हसलो. "वहिनी, तुम्ही भाजी पहा, गाडी मी पाह्यतो," म्हणालो. गॅरेजमध्ये बसलेले दोघंतिघंही हसले. ती नाही हसली. जरा वेळ गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली.

पंधरवड्यात बॉक्स फुटला. शेताच्या गाडरस्त्यावर काळा चिखल, म्हणून तिने दांडा टाकला — थांबवून, शिस्तीत. चिखल पार केला, वर मुरमाचा टणक चढ लागला आणि धाड! मागची चाकं जागच्या जागी जखडली, गाडी आडवी होऊन नालीत गेली. सासूचं मनगट मोडलं. टमाटे चिखलात.

आमच्याकडे रीत आहे — मोठं काम निघालं की गाडी मालकासमोर उघडायची. गोणपाटावर तुटलेले दात मांडायचे, आणि मिस्त्री सांगेल ते शेवटचं. त्याच्यावर अपील नाही. त्या दिवशी गोणपाटाभोवती नवरा होता, दीर होता, गावातले तिघं-चौघं होते. वहिनी फाटकापाशी उभी होती. तिला आत या असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

मी बॉक्स उघडला. दात हातात घेतले. अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच दीर म्हणाला, "चालत्या गाडीत दांडा पाडला असन तिनं. बाईच्या हातात देल्ली का असंच होते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं रचावंसुद्धा लागलं नाही, बघा. ते तयारच होतं, तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं. मला फक्त हात पुढे करून हो म्हणायचं होतं.

"हाव," मी म्हणालो.

फाटकापासून तिचा आवाज आला, "म्या थांबवून टाकला, भाऊ. आन् तुमाले पह्यलेच सांगतलं होतं."

मी बोळ्याने हात पुसत राहिलो. खूप वेळ पुसत होतो. ग्रीस केव्हाच निघालं होतं.

त्याच संध्याकाळी चावी तिच्याकडून काढून घेतली. गाडी महिनाभर माझ्या आवारात पडून होती, मग आहे तशी विकली. आता ती फाट्यावर कॅरेट घेऊन टेम्पोची वाट बघते. टेम्पो उशिरा येतो, बाजार उठायला लागतो. मेथी तिने सोडून दिली, मेथीला उशीर चालत नाही. पुढे तिची पोरगी कॉलेजात गेली आणि स्कूटी मागायला लागली, तर बाप म्हणाला, आईचं पाह्यलं ना? हे त्याने मला माझ्याच गॅरेजमध्ये, माझाच चहा पीत सांगितलं. मला वाटलं, त्या बापाच्या कानाखाली वाजवावी. मग वाटलं — कुणाच्या हाताने? माझ्या?

संतापाचं हे असं आहे. दिराचा येतो, नवऱ्याचा येतो, त्या हसणाऱ्यांचा येतो. दरवेळी मी त्यांच्यावर दात-ओठ खातो आणि दरवेळी गोणपाटापाशीच येऊन थांबतो. ते सगळे अडाणी होते. दात कुणी मोजले होते? एकट्या मी.

गेल्या महिन्यात तीच जिप्सी परत माझ्याकडे आली. दोन हात बदलून आता एका हौशी माणसाकडे आहे. मोडक्या गाड्या उभ्या करायचा त्याला नाद आहे. मी मधल्या बॉक्समध्ये नवे गिअर भरले आणि मागचा गोळा काढून फेकला. या वेळी चारी दिशांना फोन केले, जुन्या जातीचा, सदतीस आणि नऊचा मिळवला. पंधरा दिवस लागले. बस, पंधराच दिवस.

नव्या मालकाला शेजारी बसवून मी गाडी देऊळघाटच्या रस्त्याला काढली. मुद्दाम नाही. की मुद्दामच, देव जाणे. गाडरस्त्यावर छोटा दांडा टाकला, चिखलातून वर मुरमावर घेतली. लोण्यासारखी चढली. परत येताना फाट्यावर ती उभी होती, पायाशी कॅरेट. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मान जराशी कलती करून गाडीचा आवाज ऐकला, मग मागच्या चाकांकडे पाहिलं, आणि आम्ही पुढे गेलो तरी त्या चाकांकडेच बघत राहिली.

मी गाडी थांबवली नाही.

मालक खुशीत होता. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय गाडी हाय, मिस्त्री! पह्यले कोन्या बाईजवळ होती म्हन्ते. तिनंच वाट लावली असन."

"हाव," मी म्हणालो.