मुकी हजेरी

आमच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पनवेलच्या दोन शाळांनी गोड बोलून आम्हाला वाटेला लावलं. चर्चच्या आवारातल्या तिसऱ्या शाळेत मात्र सिस्टरांनी तिला घेतलं आणि अख्ख्या वर्गालाच हातांनी बोलायला शिकवलं. प्रत्येक मुलाच्या नावाची एक खूण. हिच्या गालावर तीळ, म्हणून हिचं नाव गालावर बोट. सकाळची हजेरीही तशीच. सिस्टर खूण करायच्या, मूल तीच खूण परत करायचं, म्हणजे ‘हजर’. मी पहिल्यांदा खिडकीतून पाहिलं तेव्हा भरलेल्या वर्गात चिटपाखराचाही आवाज नव्हता, नुसते हात वर येत होते आणि खाली जात होते. अंगावर काटा आला. शाळा आहे की भुताटकी, असं मी घरी म्हटलंसुद्धा.

ती दुसरीत असताना दिवाळीच्या बाजारात तिचा हात सुटला, आणि तेवढ्यात लाईट गेली. मी तिच्या नावानं ओरडत सुटले. बहिऱ्या मुलीला हाका! पण जीव थाऱ्यावर नव्हता. पुढच्या रस्त्यावर ट्रक धावत होते. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

बांगडीवाल्या चाचांची मुलगी तिच्याच वर्गातली. तिनं दुकानातली बॅटरी उचलली, स्वतःच्या तोंडावर उजेड पाडला आणि गालावर बोट ठेवलं. समोर किराणावाल्याच्या मुलानं कंदील धरून तेच केलं. मग मासळीच्या पाट्यांमागे एक दिवा हलला. “आये, तू पन ठेव ना बोट,” कोळणीची पोर आईला म्हणाली. बघता बघता रस्ताभर अंधारात नुसते गाल आणि बोटं, खाली धड नाही. कोणी बोलेना. सगळी तोंडं एकसारखी. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटली.

तरी एकेक तोंड बघत मी पुढे सरकले. पणत्यांच्या गाडीशी उभ्या असलेल्या मुलीला तर ओलांडूनही गेले. तिनं मागून पदर ओढला. तीच होती. पेटत्या पणतीपाशी, गालावर बोट ठेवून, ती केव्हाची हजेरी देत होती.

मी तिला कवटाळून रडले. मग पणतीच्या उजेडात हातांनी खुणा करून विचारलं, घाबरलीस का? तिनं नाही म्हणून मान हलवली. रस्त्याकडे बोट दाखवलं.

“सगळे मला हाक मारत होते,” ती हातांनी म्हणाली. “तू का नाही मारलीस?”