आबांचं फिरणारं बोट

शेवटच्या दिवसांत माझे वडील, आबा, डाव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायचे. लकव्यानं वाचा गेली होती, सांगायला तेवढंच उरलं होतं.

पलूसच्या आमच्या घरात त्या बोटावर प्रत्येकानं आपलंच घोडं दामटलं. उंब्रजहून आलेले चुलते म्हणाले, "मोटर चालू करा म्हणतोय. ऊस वाळाय लागलाय." आई म्हणाली, "कूस बदला म्हणत्यात." मला वाटलं, ते माझ्या कामाचं विचारताहेत.

मी पुण्यात कृष्णविवरांवर काम करते. दोन विवरं एकमेकांभोवती घिरट्या घालत एक होतात, तेव्हा अवकाशालाच हेलकावा बसतो. तो लहर होऊन आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा अगदी क्षीण झालेला असतो. त्यावरून ती विवरं स्वतःभोवती किती आणि कुठल्या दिशेनं फिरत होती, ते आम्ही काढतो. आबांना मी हे बोट फिरवूनच समजावलं होतं. वजनं बऱ्यापैकी कळतात, फिरणं मात्र दोघांचं मिळून कळतं, एकेकाचं निसटतं. आणि लहर फारच अशक्त असली, की उत्तर म्हणून आपण आधी धरलेली समजूतच परत येते. याची मला कामात चीड येते. घरात तर भयंकर आली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही शिवेना. मग आबांची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द देणं सुरू झालं. चुलते हात जोडून म्हणाले, "गड्या, ऊस वाळू देत न्हाई." मीही पुटपुटले, "आबा, काम सोडणार नाही." आई गप्पच होती. ऊन चढलं, तसा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी निघाले. खरा आला नाही, की आमच्यात असा गवताचा करतात.

घरी आल्यावर आई माझ्याजवळ बसली. "तुला आभाळातलं फिरणं कळतंय. मग ह्यांचं सांग की. पाठ सोलली हुती गं त्यांची. कूस बदलाय मी कमी पडली व्हय?"

तिच्याकडे बघवेना. पुरावा नसताना मी कधी छातीठोक बोलत नाही. त्या दिवशी बोलले, "नाही गं आई. मोटरच म्हणत होते ते."



"मोटर तर जळलीया, बाई," आई म्हणाली. "आजारी पडायच्या आदी त्यांनीच काढून दुरुस्तीला दिलीया."