सुचलेलं की आठवलेलं

मी तशी भित्री नाही. पाल दिसली तर झाडू घेऊन तिच्या मागे लागते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तर माझीच भीती वाटते. पण गेल्या वर्षी आमच्या तबलजी भाऊंच्या एका वाक्यानं माझी जी गाळण उडाली, ती अजून गेलेली नाही.

मी बंदिशी बांधते. बंदिश म्हणजे चार-सहा ओळींची चीज, जिच्यावर गायक तासभर राग मांडतो. तीस वर्षं हेच केलं. दोन पुस्तकं निघाली, पोरी स्पर्धांत माझ्या चिजा गातात. पुण्यात फक्त माझ्या बंदिशींची एक संध्याकाळ ठरली होती आणि तालीम तळेगावला माझ्या घरी चालू होती. माझ्या बंदिशीची खूण म्हणजे तिची उचल. जिथून ती उठेल असं वाटतं, तिथे अर्धी मात्रा गप्प बसून मग उठते. ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, चुकल्या बाई! आणि मी समेवर हजर. ‘अर्धी मात्रा गिळ गं, मरणार नाहीस,’ हे माझं पोरींना ठरलेलं वाक्य.

त्या सकाळी मी माझी सगळ्यात गाजलेली भीमपलासातली चीज गायले. भाऊ कामशेतचे, ऐंशीला टेकलेले, पण हात अजून गोड. तबला पुसता पुसता सहज म्हणाले, “ही चीज मी पैल्यांदा आईकली ती लोनावळ्यात. तुमच्या गुर्जींच्या घरी.”

“काहीतरीच! भाऊ, ही माझी आहे.”

“आसंल बाई. पर मी वाजवलीय तितं. लय वर्सं झाली.”

“तुमचे कान म्हातारे झालेत.”

“कान न्हाई वो, गुडघे,” असं म्हणून त्यांनी चहा मागितला.

चहात मी साखर दोनदा घातली. ही चीज कशी सुचली, हे मी शंभर वेळा सांगितलंय. बस उर्से टोलनाक्यावर अडकली होती, अख्खा मुखडा एकदम आला आणि मी तो लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतला. लोकांना ही गोष्ट फार आवडते. मलाही आवडायची.

एकोणिसाव्या वर्षी मी लोणावळ्याच्या गुरुजींकडे दोन वर्षं शिकले. ते काही लिहून घेऊ द्यायचे नाहीत. ‘कागद फाटतो, गळा फाटत नाही,’ म्हणायचे. मग ते गेले आणि मी पुण्याला दुसरीकडे शिकायला लागले. त्यांनी किती चिजा दिल्या असतील! आज त्यातल्या दहासुद्धा सांगता येणार नाहीत. मग बाकीच्या गेल्या कुठे?

त्या चिजेत मी माझी मुद्रा घातली होती. मुद्रा म्हणजे बांधणाऱ्याचं टोपणनाव, सातबाऱ्यावर नाव असतं तसं. दुसऱ्याच्या जमिनीवर मी माझं नाव चढवलं होतं की काय? दोन दिवस हाच प्रश्न घेऊन फिरले. भाऊ ऐंशीचे आहेत, ते गेले की कोणाला काय कळणार, असाही विचार मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मी स्वतःलाच घाबरले.

तिसऱ्या दिवशी लोणावळ्याला गेले. गुरुजींचा मुलगा रेल्वेतून रिटायर झालाय, गाण्यात त्याला काही गम्य नाही. त्यानं शिकवणीच्या वेळी भरलेल्या पिशवीभर कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर काढून दिला. तिथल्या हवेनं सगळ्यांना बुरशी धरलेली. पहिल्या दोन नुसत्याच खरखरल्या. तिसरीत गुरुजी खोकले. मग एका पोरीचा घाईघाईचा आवाज आला. तो माझाच होता. मग पुन्हा गुरुजी. “थांब. सम दिसली की धावत सुटायचं नाही. अर्धी मात्रा गिळ. मरणार नाहीस.”

आणि ते गायले. भीमपलास. तोच मुखडा, तेच शब्द, तीच उचल.

मी टेप मागे नेऊन पुन्हा लावला. चीज तर गेलीच, पण जिच्यावरून लोक मला ओळखतात ती अर्धी मात्रासुद्धा माझी नव्हती!

“काही ऐकू येतंय का, ताई?” मुलानं विचारलं. “मला तर नुसती खरखर. टाकूनच देणार होतो ह्या.”

गप्प बस, असं मी स्वतःला बजावत होते. आणि तोंडातून निघालंच, “अरे, ही चीज तुझ्या वडिलांची आहे. मी पंचवीस वर्षं माझी म्हणून गातेय.”

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. “बरंच झालं ना, ताई. आमच्यात कोण गाणार होतं?” असं म्हणाला आणि पोहे आणायला आत गेला. मी तिथेच ढसाढसा रडले.

वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती जाईल. कसलं काय! उर्सेला मला ती सुचली नव्हती, आठवली होती. आणि सुचणं नि आठवणं आतून अगदी सारखंच वाटतं. तोच आनंद, तोच अंगावर काटा. मग ओळखायचं कसं?

पुण्याला फोन करून त्या चिजेपुढे गुरुजींचं नाव घालायला सांगितलं. आयोजक खूश. “छान किस्सा आहे, मॅडम, निवेदनात घेऊ!” छान म्हणे, डोंबलाचं!

मग माझ्या वह्या काढल्या. मी एका ओळीसाठी पानं पानं खोडते. भीमपलासाच्या पानावर मात्र एकही खाडाखोड नव्हती. तशीच स्वच्छ पानं आणखी आहेत का, ते बघत गेले. नऊ निघाली. ह्याच नऊ चिजांना मी आजवर माझ्या सर्वांत चांगल्या म्हणत आले होते.

मी भाऊंना फोन लावला. “भाऊ, एक ऐका, ही कुठे ऐकलीय का सांगा,” म्हटलं आणि पहिल्या पानावरचा मुखडा गायले.  पलीकडे भाऊंनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

“बाई,” भाऊ म्हणाले, “पुना म्हना बरं येकदा.”